मामा आणि तापणारा लॅपटॉप

उष्णतेशी उभा दावा मांडलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या वाट्याला बायकोचा मामा म्हणून आला. देवगडच्या बंदरावर मच्छीमारांना बर्फ पुरवणाऱ्या एका कारखान्यात मामांनी उभा जन्म फिटर म्हणून काढला. पुढे ते निवृत्त झाले, पण त्यांचा उजवा हात काही निवृत्त झाला नाही. दिसेल त्या वस्तूला हाताची उलटी बाजू लावून ती किती तापली आहे ते बघायचं, ही त्यांची सवय. एसटीचं बॉनेट, शेजाऱ्यांचा पाण्याचा पंप, टीव्हीची पाठ, रडणाऱ्या पोराचं कपाळ, सगळ्यांना एकच न्याय. माझ्या लग्नात अंतरपाट धरला गेला, तेव्हा नवरीच्या पाठीशी उभा राहायचा हा मामा मांडवामागच्या जनरेटरला हात लावून बघत होता. बघितलं आणि सरळ बंदच केला. भटजींचा माईक गेला, पंखे थांबले, माणसं मामांना शोधत धावली. "जनरेटर जळलो असतो," मामा शांतपणे म्हणाले. "लगीन काय, धा मिनटांनी पण लागता." उरलेली मंगलाष्टकं भटजींनी घामाघूम होत, स्वतःच्या घशाच्या जोरावर पुरी केली.

दुसरी सवय आवाजाची. लांब दांड्याचा एक स्क्रूड्रायव्हर त्यांच्या खिशात कायम असे. त्याचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटून ऐकत, एखाद्या डॉक्टरने छाती तपासावी तसे. जामसंड्याला आमचं घर त्यांच्यापासून दोनच घरं सोडून. मी शाळामास्तर; शाळा सुटून घरी आलो की मामा चहाला येत, पण आधी आमचा फ्रीज तपासत. "जावयानू, ह्येचो एक पाय अधांतरी आसा, म्हणान कण्हता," असं म्हणून त्यांनी एकदा माझ्या शाळेच्या जुन्या हजेरीपटाचा पुठ्ठा घडी करून त्या पायाखाली सारला. फ्रीज गप्प झाला तो आजतागायत.

अशा माणसाच्या घरी दोन हजार आठच्या उन्हाळ्यात, पुण्यात इंजिनिअर असलेल्या त्यांच्या मुलाने आपला जुना लॅपटॉप आणून ठेवला. तो गेम खेळण्यासाठी घेतलेला, वजनाला जात्याच्या तळीएवढा. त्यात एक जहाज चालवायचा गेम होता. मामांनी जन्मभर ट्रॉलरांसाठी बर्फ गोठवला, पण स्वतः कधी होडीत पाय ठेवला नव्हता. धक्क्याला बांधलेली होडी हलताना नुसती बघितली तरी त्यांना मळमळायचं. आता पडवीत बसून, पोटातलं पाणी न हलवता, ते अजस्र जहाजं बंदराला लावू लागले. अडचण एवढीच, की दहा मिनिटांत लॅपटॉप भाकरीच्या तव्यासारखा तापे आणि आतला पंखा समुद्रात निघालेल्या ट्रॉलरसारखा घरघरायला लागे.

एका दुपारी याच घरघरीने घात केला. मामींना आदल्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. एक बाजू लुळी पडली होती आणि आवाज इतका बारीक झाला होता की जवळ बसूनही कान द्यावा लागे. त्या माजघरात पडून असत. त्या दुपारी त्यांना पाणी हवं होतं. पडवीत मामांचं जहाज वळण घेत होतं आणि पंखा गरजत होता. शेवटी मामी स्वतःच उठायला गेल्या आणि पडल्या. मामांची हाक ऐकून मी धावलो. दोघांनी मिळून त्यांना उचललं. मनगट सुजलं होतं, बाकी नशिबाने काही नाही. "तीनदा हाक मारलंय," मामी पुटपुटल्या. त्यात तक्रार नव्हती, पण मामांचा चेहरा मला बघवेना. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि कपाटात टाकला.

पंधरा दिवसांनी मामींनीच तो बाहेर काढायला लावला. "दिवसभर माझ्या तोंडाकडे बघीत बसतत, माका कंटाळो येता," असं त्यांनी मला कानात सांगितलं. मग मामा लढाईला उभे राहिले. मासे घेऊन येणाऱ्या बाईने सल्ला दिला, "बर्फाची पिशवी ठेवा खाली, जन्म बर्फातच गेलो ना तुमचो!" मामा उखडले. "बर्फाक घाम सुटता गो! त्या घामान ह्येचा काळीज भिजात!" त्यांनी लॅपटॉप उलटा केला, एकेक स्क्रू काढून कागदावर ओळीने चिकटवला आणि आतून गादीच्या कापसाचा चांगला सुपारीएवढा गोळा काढला. मुलगा पुण्यात लॅपटॉप गादीवर ठेवून खेळायचा. "पंख्याचो गळो आवळल्यान आणि इंजिनेर म्हणवता!" रंगाच्या ब्रशने पंखा साफ झाला. चिपची उष्णता तांब्याच्या पट्टीकडे नेणारा, दोघींमधला लेप वाळून खडू झाला होता. त्यासाठी मामा एसटीने सावंतवाडीला गेले. दुकानदार म्हणाला, "काका, नवीनच घ्या आता." मामा लेपाची ट्यूब तेवढी घेऊन परत आले. तांदळाच्या दाण्याएवढा लेप, मागच्या बाजूला टेकण म्हणून दोन करवंट्या, आणि शेवटी मुलाने फोनवर सांगितल्याप्रमाणे गेममधल्या समुद्राचं चित्र थोडं जाडंभरडं केलं, म्हणजे यंत्रावर ताण कमी.

चाचणीला मला बोलावलं होतं. जहाज अर्धा तास चाललं. मामांनी उलटा हात लावला, स्क्रूड्रायव्हर लावला, मान डोलावली. तेवढ्यात माजघरातून कापसासारखा हलका आवाज आला, "ओ, आयकलात?" मला वाटलं भास झाला. मामा मात्र जहाज भर समुद्रात सोडून केव्हाच उठले होते.

ते परत आल्यावर मी न राहवून विचारलं, "मामा, एवढा खटाटोप कशाला? लॅपटॉप माजघरातच नेला असता तर? मामी समोरच असत्या."

मामांनी आत एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "डॉक्टरान सांगितल्यान, तिका बोलूक व्हया. हाक मारल्यान तर आवाज परत येतलो. मी समोर बसलंय तर ती नुसती बोट दाखयता. हाक कित्याक मारतली?" मग करवंटी जराशी सरकवत म्हणाले, "म्हणान मी हयसर बसतंय. माका काय खेळूचा आसा?"

मामी त्यानंतर दोन पावसाळे होत्या. आवाज हळूहळू, पायरी पायरीने वर आला. शेवटच्या महिन्यांत तर त्यांची हाक दोन घरं ओलांडून आमच्या ओसरीपर्यंत यायची. मी वह्या तपासत बसलेलो असायचो, "ओ, आयकलात?" ऐकू यायचं, आणि माझ्याही तोंडून नकळत "ओ" निघून जायचं.