साहेबाचे मोजे आणि आप्पांची कुमरी

मंडळी, आज साहेब हसत "पुल अप युवर सॉक्स" म्हणाला आणि त्याच क्षणी माझं सगळं उलटंपालटं झालं.

अणशीला जंगलसाहेबाचा तंबू पडलाय. कुमरीची, म्हणजे उतारावरची झाडं तोडून, जाळून नाचणी पेरायची परवानगी मागायला रुक्मीचे आप्पा मला घेऊन गेले. कॉलेज अर्धवट सोडलं, तरी गावात इंग्रजी मलाच येतं. आणि जिच्यावर माझा जीव, त्या रुक्मीच्या आप्पांना नाही कसं म्हणू?

मोजे वर ओढा? आम्ही दोघंही अनवाणी!

"काय म्हणतोय रे?" आप्पांनी विचारलं.

साहेब हसत होता, म्हणून मी म्हणालो, "व्हय म्हणतोय."

परवानगी मिळाली की त्याच दिवशी पहिली फांदी तोडायची, ही आमची रीत. आप्पा देवीला नारळ फोडून कोयता घेऊन डोंगराकडे गेले.

रुक्मीनं मला घरी येऊन गाठलं. "यस म्हणाला काय त्यो?"

"न्हाई. पण हसला."

"आप्पाला बांधून नेतील तवा बी हसंल त्यो!"

मी तिच्यावरच खेकसलो. ती रडत गेली.

सांगा मंडळी, नाही म्हणताना साहेब लोक हसतात का?

उत्तराला थांबत नाही. खरं सांगितल्यावर आप्पा मला उंबऱ्यात उभं करणार नाहीत. पण फांदी पडायच्या आत त्यांना गाठायलाच हवं. निघालो. दार ओढून घेतो.