म्हाताऱ्या मांजरीच्या दाढा

आमची मांजर तेराव्या वर्षात होती. अचानक तिने खाणं सोडलं. वाटीपाशी यायची, मासळीचा घास तोंडात धरायची आणि पंजाने गाल घासत मागे सरायची. लाळेत रक्त दिसायला लागलं, तेव्हा मोहाडीहून आम्ही नवराबायको तिला टोपलीत घालून नागपूरला घेऊन गेलो.

तिथल्या डॉक्टरबाईंनी तोंड उघडून पाहिलं. "दोन दाढा मुळापासून सडल्यात. काढाव्या लागतील. पण या वयात आधी रक्त तपासायचं, हृदय बघायचं, मगच भूल."

तपासण्या, एक्स-रे, ऑपरेशन असा सगळा खर्च ऐकून यजमान बोटांवर हिशोब करू लागले. घराला रंग द्यायला ठेवलेले पैसे जवळजवळ सगळेच जाणार होते.

घरी आल्यावर ते सासूबाईंना म्हणाले, "माय, एवढा खर्च करू, पण म्हातारीले भूल सोसंल का?"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माही दाढ दुखली तवा मले नेलं होतं ना नागपूरले? तिले काहून नाही मंग? बोलता येत नाही म्हणून दुखून नाही राहिलं का तिले?"

रंगाचा विषय तिथेच संपला.

रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडं थोडी कमजोर निघाली. डॉक्टरबाईंनी घाई केली नाही. आधी काही दिवस सलाईन दिलं, पुन्हा रक्त तपासलं आणि मगच तारीख ठरवली. त्या दिवशी सासूबाई हट्टाने सोबत आल्या. काचेतून आत दिसत होतं. मांजरीखाली गरम गादी होती, पायाला सलाईन लावलेलं, आणि एक मुलगी फक्त तिचा श्वास आणि नाडी बघत उभी होती. ती मुलगी जागची हलत नव्हती, हे बघून मला थोडा धीर आला. सासूबाई मात्र बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या.

मांजर शुद्धीवर आली ती झिंगलेल्यासारखी. आवाज न काढता तिने सासूबाईंच्या पदरात तोंड खुपसलं.

आठवडाभर सासूबाईंनी तिला मऊ भातात काटे काढलेली मासळी कुस्करून भरवली. पुढे एका दुपारी शेजारीण तक्रार घेऊन आली, की तुमच्या मांजरीने आमच्या ताटातला अख्खा मासा पळवला.

"अख्खा का?" सासूबाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली, आणि मग शेजारणीसाठी चहा टाकायला उठल्या.