जुन्या गाडीतली खडखड

आमच्या घरात सगळे म्हणतात, सून गाडी चालवायला घाबरते. ती घाबरट नाही. हे मी सहा वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.

तिला लायसन्स मिळालं तेव्हा नात चार वर्षांची होती. मुलाला नवी गाडी हवी होती. सून म्हणाली, "माझा हात बसेपर्यंत जुनीच बरी. घासली तरी जीव जाणार नाही." सिंगापुरात गाडी ठेवायचा परवाना दहा वर्षांचा, तिने पसंत केलेल्या गाडीचा चार वर्षांचा उरला होता. तेवढा तिला पुरेसा होता.

मी जन्मभर कारखान्यात यंत्रांवर काम केलं, म्हणून पारखायला मला नेलं. गाडी मात्र मी कधीच चालवलेली नाही. मी मागे बसलो. तिने सेंगकांगमध्ये दोन फेऱ्या मारल्या, कार पार्कमध्ये रिव्हर्स एका दमात लावली. माझं लक्ष माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे. तिथे नात बसणार होती. समोरून बस आली की माझा हात त्या सीटवर जायचा. मेकॅनिकने तपासून इथल्या इंग्रजी ढंगात सांगितलं, "अंकल, गुड कार ला."

"काय बाबा, घ्यायची?" मुलाने बाजूला येऊन विचारलं. सून शेजारीच होती.

"इंजिनात बारीक खडखड आहे," मी म्हणालो.

खडखड नव्हती. मला वाटलं, ही गाडी हुकली की तिच्या गाडी चालवण्याचा विषयच संपेल.

पण मुलाने नवी गाडी घेतली. सून तिच्यात बसली की खांदे आखडायचे. दोन महिन्यांत तिने चालवणं सोडलं. मुलगाच चालवू लागला आणि चिडवू लागला, "लायसन्स फ्रेम करून भिंतीवर लावू या." मीही हसायचो.

परवा नात म्हणाली, "ममी ड्राइव्ह? कॅनॉट ला!" आणि सून स्वतःच हसली. ते हसणं मला सोसलं नाही. दुपारी ती मेथी निवडत होती, तेव्हा सांगितलं, "त्या जुन्या गाडीत खडखड नव्हती. मी खोटं बोललो."

तिचे हात थांबले. "पण मी ऐकली होती, बाबा. तुम्ही म्हणालात तेव्हा वाटलं, चालवताना मला एवढंही कळलं नाही. मग आठवून आठवून ऐकू आली. नव्या गाडीतही येत होती. कोऱ्या गाडीत खडखड आहे, हे यांना कोणत्या तोंडाने सांगू?"

"चुकलं माझं."

"चुकलं कसलं? ठरवून बोललात."

तिने हात धुतले, गाडीची किल्ली घेतली. मुलगा कामाला ट्रेनने जातो, गाडी खालीच असते. नातीचा पोहण्याचा क्लास सेरंगूनला सुटायचा होता. एरवी ती एमआरटी ट्रेनने आणायला जाते.

"मी येऊ बरोबर?"

"नको. घरी थांबा. हे आले की त्यांना सगळं सांगा. तुम्हीच."

आमच्या खिडकीतून कार पार्कचा रस्ता दिसत नाही, तरी मी तिथेच उभा राहिलो. मुलगा सातला आला. त्या दोघी अजून आल्या नव्हत्या.

"ही कुठेय?"

"गाडी घेऊन गेलीय," मी म्हणालो. "तू आधी बस."