मुशीचा सण

विमलामावशी, म्हणजे विमलाबाई टिपणीस, माझ्या आईची थोरली बहीण. ठाण्याला खारकर आळीत राहायची. तिचे यजमान भाऊ कोर्टात शिरस्तेदार होते. कोर्टात त्यांचं सगळे ऐकत, घरात मावशीचं. तिचं शिक्षण मराठी चौथीपर्यंत झालेलं, पण मासळीच्या बाबतीत सबंध आळीत तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. बाजारात ती दिसली की कोळणी न सांगता पाटीवरचं फडकं बाजूला करीत. मावशी खाली वाकायची, एका बोटाने माशाचा कल्ला उचलायची आणि काही न बोलता पुढच्या पाटीकडे जायची. चेंदणीची कोळीण तुळसा एकदा वैतागून म्हणाली होती, "बाय, मासा घ्यायचा हाय का त्याची परीक्षा घ्यायची हाय?" मावशी म्हणाली, आधी परीक्षा, पास झाला तर घेऊ.

तिची एकुलती एक मुलगी सुमेधा लग्न होऊन ग्लासगोला गेली. जावई गुरुदत्त तिथल्या एका इस्पितळात काम करीत लहान मुलांच्या आजारांचा अभ्यास करत होता. १९५३ च्या पावसाळ्यात सुमेधाला दिवस गेल्याचं पत्र आलं आणि मावशीने जाहीर केलं की आपण बाळंतपणाला जाणार. भाऊंनी नकाशा काढून अंतर दाखवलं. मावशीने तो घडी घालून परत दिला आणि ट्रंक भरायला घेतली. डिंक, हळीव, बाळंतशेपा, आणि त्यांच्याखाली लाल तिखट, हळद, चिंच, कोकमं. नेसायला नऊवारी लुगडी आणि वर एकच स्वेटर. ओळखीचं एक कुटुंब त्याच बोटीने चाललं होतं, त्यांच्या सोबतीने ती पोचलीही.

१९५४ च्या फेब्रुवारीत मुलगा झाला. चार महिने मावशी त्या थंड, धुरकट गावात नातवाला न्हाऊ-माखू घालत राहिली. गुरुदत्त आणि ती एकाच घरात राहत होती, पण त्यांचं बोलणं सुमेधामार्फत चाले. "गुरुदत्तरावांना विचार, भात वाढू का," असं मावशी म्हणायची आणि गुरुदत्त तिथेच बसून सुमेधाला सांगायचा, "आईंना सांग, थोडा वाढा." सासू-जावयाची रीत होती ती. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

जूनमध्ये गुरुदत्तच्या वरच्या डॉक्टरांनी एक बेत आणला. डॉक्टर मॅकलॉइड दरवर्षी आठवडाभर एक बोट भाड्याने घेत. बोटीवरच राहायचं, बोटीवरच निजायचं, आणि उत्तरेच्या समुद्रात गळाने मासे पकडायचे. या वर्षी त्यांनी गुरुदत्त आणि सुमेधाला बोलावलं. सुमेधाला तान्ह्या बाळामुळे जाणं शक्य नव्हतं, आणि मिसेस मॅकलॉइड म्हणाल्या की बोटीवर दुसरी बाई नसेल तर मी येणार नाही, गेल्या वर्षी आठ दिवस मी एकटीच पुरुषांची मासेपुराणं ऐकली. मग प्रश्न आला, डॉक्टर गुरुदत्तच्या सासूबाई का नाही येत?

वरिष्ठांना नाही म्हणण्याची गुरुदत्तची छाती नव्हती. सासूला या म्हणण्याचीही नव्हती. शेवटी सुमेधानेच आईला सांगितलं की शेजारीण सोबतीला आहे, चार महिने तू चुलीपाशी आहेस, आता जरा वारं खाऊन ये. मावशीने एकच विचारलं, मासे ताजे असतात ना?

एका बुधवारी सकाळी ओबानच्या धक्क्यावरून ही मंडळी निघाली. बोटीचं नाव 'मोरॅग'. तिचा तांडेल अँगस हा साठीचा, लाल मानेचा, अबोल माणूस. बाई बोटीवर आली की अपशकुन होतो अशी त्याची पक्की समजूत होती. मिसेस मॅकलॉइड दहा वर्षं येत होत्या, तरी त्या चढताना तो दुसरीकडे बघे. मावशी चढताना मात्र त्याने बघितलं. नऊवारीच्या वर गुरुदत्तचा ओव्हरकोट, डोक्याला मफलर आणि हातात कापडी पिशवी. त्याने आत जाऊन एक मेणकापडाचा कोट आणि गुडघ्याएवढे गमबूट आणून तिच्यापुढे ठेवले. कासोट्याचं लुगडं गमबुटात इतकं व्यवस्थित बसलं की मिसेस मॅकलॉइड आपल्या झग्याकडे बघून हळहळल्या.

बंदर सुटल्यावर अर्ध्या तासात गुरुदत्त आडवा झाला. बालरोगाचं सगळं ज्ञान बादलीत गेलं. मावशीला बोट लागली नाही. का ते तिलाही सांगता येत नसे. पहिल्यांदा ती दाराशी उभी राहून मिसेस मॅकलॉइडना खुणेने सांगत राहिली की त्यांना बघा. त्या बाईंना खूण कळेना. मग मावशी आत गेली, जावयाचं कपाळ धरलं आणि म्हणाली, "गुरुदत्तराव, लाजू नका. सगळं पडू दे." चार महिन्यांत ती त्याच्याशी सरळ बोललेलं ते पहिलं वाक्य.

दोन दिवस असे गेले. जेवायला डब्यातलं गोमांस आणि उकडलेले बटाटे. मावशी बटाटे, पाव आणि चहावर राहिली. संध्याकाळची दिवेलागणी कधी करायची हेही तिला कळेना, कारण रात्रीचे दहा वाजले तरी ऊन जात नव्हतं. पण तिला खरा त्रास वेगळाच होता. अँगस भराभर बांगडे पकडत होता. ठाण्याच्या बाजारात सणासारखे मिरवावेत असे टणक, निळेहिरवे बांगडे. तो ते चिरायला बसला तेव्हा मावशीला बरं वाटलं. चिरतो वाईट, पण चला, शिजवतोय तरी, असं तिच्या मनात आलं. मग त्याने त्या तुकड्या एकेक करून गळाला लावल्या आणि समुद्रात सोडल्या. मावशी बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.

शुक्रवारी दुपारी डॉक्टर मॅकलॉइडच्या गळाला मुशी, म्हणजे छोटा शार्क, लागली. डॉक्टरांना हवा होता मोठा पाकट, तो चपटा, लांब शेपटीचा मासा, दहा वर्षं ते त्याच्या मागे होते. मुशी त्या लोकांच्या लेखी कचरा. अँगसने ती सोडवून पाण्यात भिरकावली. दुसरी आली, तीही भिरकावली. तिसरी आली तेव्हा मावशी उठली, डोक्याचा मफलर माशाभोवती गुंडाळून तिने तो अँगसच्या हातून काढून घेतला, रिकाम्या टोपलीत टाकला, टोपली उलटी केली आणि तिच्यावर बसली.

"गुरुदत्तराव," तिने आत हाक मारली, "यांना सांगा, ही टाकायची नाही. मी शिजवणार आहे."

गुरुदत्त भिंतीला धरून वर आला. समोर त्याचे वरिष्ठ गळ हातात धरून उभे, अँगसची मान नेहमीपेक्षा लाल, आणि सासूबाई मुशीवर बसलेल्या. बोटीतल्या चुलीला अँगस परक्याचा हात लागू देत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे अनेकदा गुरुदत्तने मला सांगितलं की त्या क्षणी खरं बोलायचंच त्याच्या मनात होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. तो म्हणाला, आज आमच्याकडे सण आहे, या दिवशी घरातल्या वडील बाईने स्वतःच्या हाताने मुशी शिजवायची असते.

डॉक्टर मॅकलॉइड सज्जन माणूस होते. त्यांनी ताबडतोब गळ खाली ठेवला आणि विचारलं, आम्ही काय करायचं असतं? गुरुदत्त म्हणाला, काही नाही, फक्त शांत राहायचं. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही, म्हणून तो पुढे म्हणाला की टोपी काढली तरी चालेल.

मावशीने गरम पाणी ओतून मुशीची खरखरीत कातडी खरवडली, तुकडे केले, कांदा-लसूण ठेचला, पिशवीतून तिखट, चिंच आणि तांदूळ काढले. नारळ नव्हता, त्याबद्दल ती पुटपुटत होती. मधेच तिने मागे बघितलं तर दारात डॉक्टर, त्यांची बायको आणि अँगस बोडक्या डोक्याने वाऱ्यात उभे. मावशी गहिवरली. मला सांगताना ती नेहमी म्हणायची की त्या लोकांना स्वयंपाक करणाऱ्या बाईची कदर आहे. आमच्याकडे भाऊ पानावर बसून पेपर वाचतात.

कालवण आणि भात झाला. डॉक्टर पहिल्या घासाला लाल झाले, पाणी प्यायले आणि पुन्हा घास घेतला. मिसेस मॅकलॉइड डोळे पुसत जेवल्या. अँगसने लहान वाटी घेतली ती धर्माचा मान म्हणून, मग मोठी घेतली. गुरुदत्तने तीन दिवसांत प्रथमच पोटात अन्न ठेवलं. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, सण एकच दिवस असतो का?

गुरुदत्तने भाताकडे बघितलं आणि सांगितलं की मंगळवारपर्यंत असतो.

शनिवारी अँगसने आपणहून चार मुशी आणि डझनभर बांगडे चुलीपाशी आणून ठेवले. मावशीने कल्ला उचलून बघितला आणि मान डोलावली. अँगसलाही ते ओळखू आलं. त्यानंतर तो प्रत्येक मासा आधी तिला दाखवू लागला. ती "उं" म्हणाली की टोपलीत. दोघांना एकमेकांच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता.

रविवारी वेगळीच अडचण आली. अँगस कडक धर्माचा माणूस, रविवारी गळ टाकणार नाही, चूल पेटवणार नाही. बोट एका खाडीत नांगरून तो बायबल घेऊन बसला. दुसऱ्या टोकाला मावशी जपमाळ घेऊन बसली. दुपारी सगळ्यांनी शनिवारचं शिळं कालवण गारच खाल्लं, आणि ते ताज्यापेक्षा चांगलं लागतं हे डॉक्टरांना तेव्हा कळलं. सोमवार उजाडला. अँगस गळ घेऊन तयार, तर मावशी म्हणाली, आज सोमवार, मी मासे करत नाही आणि खात नाही. डॉक्टर हताश झाले. चालू सणात असं कसं, म्हणून ते गुरुदत्तला विचारू लागले. त्याची सुटका अँगसने केली. काल माझा दिवस होता, आज त्यांचा, यात न कळण्यासारखं काय आहे, असं तो डॉक्टरांना म्हणाला आणि बटाटे सोलायला बसला. आठवड्यातलं त्याचं सगळ्यात लांब बोलणं तेच.

त्याच दुपारी त्याने मावशीच्या हातात गळ लावलेली एक दोरी दिली. मासे खायचे नाहीत तर नका खाऊ, धरून तर बघा, असं काहीसं तो म्हणाला असावा. मावशी जरा संकोचली. मग तिला वाटलं, वर आलेला सोडून देऊ, म्हणजे सोमवार मोडणार नाही. थोड्या वेळाने खालून ओढ लागली. दोरी तिच्या बोटांवरून सरसरत गेली. ती दोन्ही पाय फळीला टेकून मागे रेलली आणि अँगसने तिच्या कोटाचा पट्टा धरला. वर काय आलं ते तिने नीट बघितलंही नाही. बांगडे असावेत, तीनचार एकदम. तिने ते सोडायला लावले. मग हात पुसत ती गुरुदत्तशेजारी येऊन बसली. सुमेधा मधे नव्हतीच.

"तीस वर्षं मासे घेते मी," ती म्हणाली. "तो इतका ओढतो हे मला ठाऊक नव्हतं हो."

गुरुदत्तने आपला कोरडा हातमोजा काढून तिला दिला.

मंगळवारी संध्याकाळी ओबानच्या धक्क्यावर डॉक्टर मॅकलॉइडनी खिशातून डायरी काढली. पुढच्या वर्षी हा सण कोणत्या तारखेला येतो ते त्यांना हवं होतं, म्हणजे बोट आधीच ठरवून ठेवता आली असती. गुरुदत्तने मावशीला बाजूला नेऊन सगळं खरं सांगितलं. शुक्रवारपासूनचं, टोप्यांसकट.

मावशीने पदर सारखा केला. मग म्हणाली, "त्यांना सांगा, ताजा मासा मिळेल त्या दिवशी असतो आमचा सण. तारीख नसते."

गुरुदत्तने या वेळी जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टरांनी ते वाक्य डायरीत लिहून घेतलं.

मावशी दिवाळीच्या आधी ठाण्याला परतली. आळीतल्या बायका आल्या, राजवाडे कसे आहेत, राणी दिसली का, विचारू लागल्या. तिला त्यातलं काही सांगता येईना. भाऊंनी मात्र एकदा विचारलं, समुद्रावर होतं काय एवढं? मावशीने शिवणाच्या डब्यातून सुतळी काढली, एक टोक त्यांच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि त्यांना बेसावध गाठून जोरात हिसका दिला. भाऊ आरामखुर्चीतून निम्मे बाहेर आले. त्यांचा चष्मा पडला, पेपर पडला. "असं," ती म्हणाली, आणि चष्मा उचलून दिला.

पुढे तीन वर्षांनी गुरुदत्तने डोंबिवलीला स्टेशनजवळ दवाखाना काढला. तिथे तेव्हा भातशेतं होती आणि पेशंट कमी. रविवारी सकाळी तो सुमेधाला घेऊन ठाण्याला येई आणि सासू-जावई पिशवी घेऊन बाजाराला जात. पाटीपाशी दोघं वाकून कल्ला बघत आणि वाद घालत. कारण ग्लासगोचा डॉक्टर झाला तरी त्याला मासळीतलं काही कळत नाही असं मावशीचं मत होतं, आणि ते ती आता त्याला सरळ तोंडावर सांगत असे. घरी परत येईपर्यंत अकरा वाजत. सुमेधा दारात उभी असायची. आईला विचार की इतका वेळ का लागला, असं ती नवऱ्याला म्हणायची, पण तो मावशीच्या मागोमाग, तिच्याकडेच चहा मागायला, आत गेलेला असायचा.