आत्याला गारठा सोसत नव्हता

आत्या जाऊन महिना होत आला होता, तेव्हा तिच्यासाठी फोन आला. तिचा मोबाइल मामांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, बंद केला नव्हता. रोज चार्ज करून टीव्हीशेजारी ठेवायचे. मी उचलला. "कांता मावशी, या आठवड्यात येऊन जा की. रक्त द्यायची वेळ झाली," पलीकडून कुणीतरी हसत म्हणालं. मी सांगितलं, मी त्यांची भाची बोलतेय, आत्या गेली... हार्टअटॅकनं. फोन प्रयोगशाळेतल्या सरांचा होता.

कांता आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. शहरातल्या एका दवाखान्यात आया होती. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. पैठणजवळच्या गावाहून मला चिकलठाण्याला आपल्या दोन खोल्यांत तिनंच आणलं, बीएस्सीला घातलं. तिच्याबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. आधी आठवतो तो तिचा स्वेटर. तिला गारठा अजिबात सोसायचा नाही. मे महिन्यातसुद्धा ती पंख्याखाली स्वेटर घालून बसायची आणि मामा चिडवायचे, "हिला नुसता बरफ दाखवला तरी शिंका येत्यात." कोरोनाच्या वॉर्डात तिनं ड्युटी केली, तेव्हा घरी आली की कुणाला शिवायची नाही. मागच्या मोरीत मामा कढत पाण्याची बादली ठेवायचे आणि तोंड फिरवून बाजूला बसायचे. अंघोळ करूनच ती घरात यायची. साथ सरली, तरी ती बादली काही सुटली नाही.

वॉर्डातले बरेच जण आजारी पडले, ती पडली नाही. किंवा पडली असेल, तिला कळलं नसेल. म्हणून प्रयोगशाळेतल्या सरांनी तिचं रक्त मागितलं. साध्या सर्दीचे काही विषाणू कोरोनाच्याच नात्यातले असतात. त्यांची आठवण धरून बसलेल्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी या नव्या विषाणूलाही ओळखतात का, हे त्यांना शोधायचं होतं. मी हे तिला पुस्तकात बघून समजावलं, तर ती म्हणाली, "म्हंजी माझा शेंबूड कामाला आला म्हण की! ह्यो आला तवा आतून म्हणलं आसन, ये बाबा, वळखीचा दिसतोस."

त्या दिवशी फोनवर सरांनी शेवटी अडखळत सांगितलं, की तिच्या पेशी गोठवून ठेवल्यात, त्या जिवंत आहेत. घरच्यांची इच्छा नसेल तर नष्ट करू. मामांना कसं सांगावं, मला कळेना. सांगितलं, तेव्हा त्यांचा हात भाकरीवरच थांबला.

"जित्या हायेत? कुठं?"

"टाकीत, मामा. बर्फाहून लई गार असते ती."

"आन आपण तर तिला जाळून आलो..."

त्यानंतर त्यांची झोप उडाली. "तिला गारठा सोसत नाय, तुला तर म्हाईत हाय ना?" एवढंच परत परत विचारायचे. टाकून द्या म्हणायला त्यांची जीभ रेटत नव्हती. ठेवा म्हणायलाही नाही.

शेवटी आम्ही दोघं तिथं गेलो. सरांनी टाकीचं झाकण उचललं आणि पांढरी वाफ काठावरून खाली सांडली. मामा दाराशी चप्पल काढून आले होते. वाफेकडे बघत म्हणाले, "ह्याच्यात किती दिवस ठिवनार तिला?"

"प्रयोगापर्यंत, काका. मग बाहेर काढून कोमट पाण्यात धरतो. अंगाची ऊब असते ना, तेवढ्याच. मग विषाणूचा तुकडा दाखवतो. ओळख असली तर त्या जाग्या होतात."

"कोमट पाण्यात... मग राहू द्या," मामा म्हणाले. "पर काढायच्या आधी तेवढा फोन करा."

सरांनी आठवणीनं फोन केला. उद्या सकाळी काढतो म्हणाले. ओळखलं की नाही, ते कळायला मात्र वेळ लागेल. ती सकाळ परवा उजाडली. मी उठले तर मामा घरात नव्हते. मी मागं गेले. मोरीत बादली काठोकाठ भरलेली होती, वाफ निघत होती, दांडीवर तिचा टॉवेल होता. मामा तोंड फिरवून बाजूला बसले होते, ती यायची तेव्हा बसायचे तसे. मी त्यांच्याशेजारी मोरीकडे पाठ करून बसले... पाणी गार होईपर्यंत आम्ही दोघांनीही मागं वळून पाहिलं नाही.