काळेबाईंच्या आठ्या

सुई माझ्या हातात होती आणि खुर्चीत काळेबाई होत्या, तरी घाम मलाच फुटला होता. तीर्थपुरीच्या शाळेत त्यांनी मला चौथीला शिकवलं. भुवयांच्या मधोमध दोन उभ्या आठ्या पडल्या की अख्खा वर्ग चिडीचूप. छडी उचलल्याचं मला तरी आठवत नाही. आणि त्याच आठ्या घालवायला त्या जालन्याला माझ्या स्किन क्लिनिकमध्ये आल्या होत्या.

“कशाला बाई? छान दिसतात तुम्हाला.”

“नात भेते मला,” बाई म्हणाल्या. “चार वर्षांची हाय. पुण्याहून आली की आईच्या मागं लपती. मागच्या बारीला माझ्या हातचा घास न्हाई घेतला तिनं. आता दिवाळीला येऊन राह्यलेत सगळे. त्याच्या आत काय ते कर.”

बोलता बोलता त्यांचे डोळे भरले. बाईंना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. फार वाईट वाटलं.

“सून म्हणती, जेल भरून घ्या, जल्दी होतं. ते भर.”

तिथे मला डॉक्टर व्हावं लागलं. या कामाला दोन इंजेक्शनं. एक बोटुलिनमचं. त्याने कपाळ आक्रसणारा स्नायू सैल पडतो, पण परिणाम दिसायला काही दिवस जातात आणि तीन-चार महिन्यांत उतरतो. दुसरं फिलर, म्हणजे सुरकुतीच्या खाचेत भरायचं जेल. ते लगेच दिसतं. पण भुवयांच्या मधल्या रक्तवाहिन्या डोळ्याशी जोडलेल्या असतात. जेल चुकून आत गेलं तर नजर जाऊ शकते.

“म्हंजे आंधळी होईन?”

“क्वचित होतं. पण तुमच्या बाबतीत मी ती जोखीम घेणार नाही.”

“मंग पैलं दे. दिवाळीला टाइम हाय.”

टिकली काढून इंजेक्शन दिलं. “संध्याकाळपर्यंत कपाळ चोळायचं नाही, दाबायचं नाही. कुंकूसुद्धा नको,” मी बजावलं. औषध बसायच्या आत दाब पडला तर ते खाली सरकतं आणि पापणी लोंबते.

“बराबर,” म्हणून बाई गेल्या. नवरात्र चालू होतं.

आठवड्याने फोन आला. “आठ्या गेल्या बघ. पण डावा डोळा अर्धा झाकून राह्यला.”

“बाई, कुंकू लावलंत?”

“मी न्हाई लावलं. जुन्या जालन्यात नणंदेकडं गेल्ते. तिनं ओटी भरली अन् अंगठ्यानं चांगलं दाबून लावलं. ओटी भरताना कुंकवाला न्हाई कसं म्हणू? कुंकवाचे धनी, आमचे सर, हायेत अजून.”

माझी आई असती तर तिनेही हेच केलं असतं. डोळ्यांत घालायचे थेंब दिले. पापणी काही आठवड्यांत आपोआप उघडते, पण दिवाळीच्या आत उघडेल असं वचन मला देता येईना. जी पोर आठ्यांना घाबरते ती अर्ध्या डोळ्याला काय म्हणेल, या विचाराने माझी दिवाळी कडू झाली.

भाऊबीजेला बाईंचा फोन. आवाज एकदम चढा. “अगं, दारात उभी राहून माझ्याकडं बघतच राह्यली! म्हणली, आजी डोळा मारती! मंग तिनंबी मला मारला. एक झाकायला गेली की दोन्ही झाकायचे. शिकवायला बसले तिला, अन् शिकता शिकता करंजी खाल्ली माझ्या हातानं!” फोनवरच मी हसले आणि थोडी रडलेही.

पुढे पापणी उघडली. उन्हाळ्याच्या तोंडावर औषध उतरलं आणि आठ्या जागेवर आल्या. बाई नातीला घेऊन क्लिनिकमध्ये आल्या. मी विचारलं, “परत देऊ का इंजेक्शन?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या दोन उभ्या आठ्या पडल्या आणि मी चौथीतल्यासारखी गप्प झाले. किती वर्षांनी! खरं सांगते, मला बरं वाटलं. मांडीवरच्या नातीने मान वर करूनही पाहिलं नाही. ती बाईंच्या पर्समधले चणे खाण्यात दंग होती.

तेव्हापासून आठ्या घालवायला कुणी आलं की मी आधी विचारते, या आठ्यांना घरात कोण घाबरतं? मगच सुई काढायची की नाही ते ठरवते.