गुण न धरलेले सामने

दिवसभर कोड लिहून मान धरली की मी जपानमधल्या उरायासु स्टेशनजवळच्या एका हाडवैद्याकडे जायचो. साठीचा, अबोल माणूस. मान दाबताना डोळे मिटून घ्यायचा. रविवारी तो एका कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाबरोबर, पोरांच्या दुखापती बघायला, मैदानावर असायचा. एकदा भिंतीवर त्यांचं नवं वेळापत्रक दिसलं. सगळे सामने लीगबाहेरच्या तगड्या संघांशी होते.

"हे महत्त्वाचे आहेत का?" मी मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं.

"नाहीत. यांचे गुण लीगमध्ये धरत नाहीत," तो म्हणाला. "पण पोरांच्या गुडघ्यांना ते कुठे कळतं? एक तरी सामना कमी करा म्हटलं, तर कोच नुसता हसला."

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तुम्ही शनिवारीही ऑफिसात असता?"

"असतो. पण तो कामाचा दिवस धरत नाहीत."

त्याचे हात थांबले. मग तो पुन्हा मान दाबू लागला.